पुलाच्या अलीकडे उतरणाऱ्या बाई

पेणहून सुटलेली आमची एस.टी. रामवाडी, गडब करत जायची आणि मग हायवे सोडून खाडीकडे वळायची. खाडीवर सिमेंटचा कमानींचा पूल होता. पुलाच्या अलीकडे ना गाव, ना थांबा. खाडीकाठी वाढणाऱ्या रानभेंडीचं एक मोठं, वाकडं झाड तेवढं होतं. तिथे ड्रायव्हर कुणी न सांगता ब्रेक दाबायचा. पुढच्या बाकावरून एक बाई उठायच्या, छत्री काखेत मारायच्या आणि उतरायच्या. गाडी पुढे निघून जायची. पूल संपला की लगेच गाव आणि गावाच्या टोकाला आमचं हायस्कूल. बसून राहिलं असतं तर बाईंना शाळेच्या दारात उतरता आलं असतं.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मीच कंडक्टरला म्हटलं, "अहो, त्या बाई मागे राहिल्या."

तिकिटांची पेटी आवरत तो म्हणाला, "राहिल्या नाय, उतरल्या. तुम्ही नवीन काय?"

संध्याकाळी उलटा प्रकार. शाळा सुटली की बाई चालत पूल ओलांडायच्या आणि भेंडीखाली गाडीची वाट बघत उभ्या राहायच्या. ऊन असो, धो धो पाऊस असो, यात बदल नाही. पावसात पुलावर वारा असा यायचा की छत्री उलटी व्हायची. बाई ती मिटून काखेत घ्यायच्या आणि भिजत चालायच्या. शाळेच्या कपाटात त्यांचं एक कोरडं लुगडं कायम ठेवलेलं असे.

का चालता, असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. कंडक्टरला सांगितलं होतं, पुलावर गाडी हिंदकळते, पोटात ढवळतं. शिपाईमामांना सांगितलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मला म्हणाल्या, "चाल, म्हणजे कळेल."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. वर्गात कुणी विचारलं, बाई, सह्याद्री किती उंच? तर आकडा सांगून झाल्यावर पुढे, "चाला, म्हणजे कळेल." फक्त मुलांना त्या 'चाला' म्हणायच्या आणि आम्हांला 'चाल'. कारण त्या मुलांना अहो-जाहो करायच्या आणि शिक्षकांना अरे-तुरे. पाचवीतल्या शेंबड्या पोरालाही "अहो, तुमचं नाक पुसा बरं," आणि हेडमास्तरांना मात्र भर स्टाफरूममध्ये "तू आज दाढी नाही केलीस?" हेडमास्तर वयाने त्यांच्याहून लहान होते, पण म्हणून काय झालं. ते बिचारे हनुवटीवर हात फिरवत बाहेर जायचे.

लुगड्याखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, मुलं पी.टी.ला घालतात तसले. बुटांना डाग पडला की स्टाफरूममध्ये बसून खडूने रंगवायच्या. पहिल्यांदा बघणारा हसायचा. बाई वर न बघता म्हणायच्या, "हसून झालं की डस्टर दे."

भूगोल आणि मराठी हे त्यांचे विषय. भरती-ओहोटीचा धडा त्यांनी वर्गात कधी घेतला नाही. ओहोटीची वेळ बघून त्या अख्खा वर्ग खाडीत उतरवायच्या, पुलाखाली. वरून तो पूल म्हणजे नुसता रस्ता आणि दोन्हीकडे कठडे. खाली उतरलं की कमानी दिसायच्या, एकीला लागून एक, काळपट, पायाशी कालवं चिकटलेल्या. चिखलात निवट्या, ते चिखलावर सरपटणारे बोटभर मासे, उड्या मारत असायच्या आणि मुलं धड्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त बघायची. बाई कमानीखाली उभ्या राहून बोलायच्या आणि त्यांचा आवाज घुमून परत यायचा. पाण्याची रेघ खांबावर कुठवर आली आहे ते दाखवून सांगायच्या, "पूल नव्हता तेव्हा ह्या रेघेवर सगळं चालायचं. पाणी असेल तर होडी, नसेल तर गुडघाभर चिखल. बाळंतीण असो की नवरदेव. आणि सिमेंटचा पूल होतोय म्हटल्यावर लोक काय म्हणाले माहितेय? दगड नाही, चुना नाही, हा पहिल्या पावसात वाहून जाणार. पहिली गाडी गेली तेव्हा निम्मा गाव काठावर उभा होता, तो पडताना बघायला."

पोरं हसायची. मग एखादं विचारायचं, "बाई, तुम्ही होतात तेव्हा?"

"होते," बाई म्हणायच्या, "नवी नवरी होते. चला, निवट्या सोडा आणि वर व्हा."

हे 'नवी नवरी' मी ऐकलं होतं, पण त्यापुढे विचार केला नव्हता. बाई पेणला एकट्या राहायच्या, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत. कुंकू लावायच्या. नवऱ्याचा विषय कधी निघत नसे. शाळेच्या गावात मात्र त्या कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर दारातूनच हात जोडून परत यायच्या.

दुसऱ्या वर्षापासून मीही संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला लागले. काही 'कळावं' म्हणून नव्हे. दिवसभर पोरांचा गलका ऐकल्यावर तेवढा वेळ बरा वाटायचा. बाई पुलावर बोलत नसत. मधोमध थांबून एकदा पाण्याकडे बघायच्या, मिठागरांवर बगळे उतरत असायचे, मग पुढे निघायच्या.

एके दिवशी पुलाच्या मध्यावर एक बाई उभी होती. काठपदराचं लुगडं, डोक्यावर पदर, हातात बांबूची रिकामी पाटी. आम्हांला बघून ती बिचकली. मग पाटी खाली ठेवून पुढे आली आणि वाकून बाईंच्या पाया पडायला लागली. बाई दोन पावलं मागे सरल्या.

"हे काय? उठा."

"गावात बोलता येत नाय," ती म्हणाली. "इथं तुम्ही रोज येता म्हणून थांबले. वंदनाचं लगीन ठरवतायत."

वंदना आमच्या दहावीत होती. उंच, हट्टी, गणितात कच्ची पण बाकी विषयांत चांगली. पेणला कॉलेजात जायचं असं ती वर्गात सगळ्यांना सांगत सुटायची.

"परीक्षा झाली की उरकायचं म्हणतात," ती बाई म्हणाली. "पोर दोन दिस जेवली नाय. माझं घरात चालत नाय. तुम्ही बोला."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कोण बोलणार? मी बोलले तर होणारं असेल तेही व्हायचं नाही. तुम्हांला माहीत आहे."

"माहीत हाय. म्हणून तर तुमच्याकडंच आले." तिने पाटी उचलली. "तुम्ही गेलात तेव्हा कुणाला इचारलं व्हतं?"

एवढं बोलून ती झपाझप गावाकडे निघून गेली. बाई कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "वंदनाची आई ना? तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"माझ्या नवऱ्याची बायको," बाई म्हणाल्या.

बाई चालायला लागल्या आणि चालता चालता, एखाद्या धड्यासारखं, त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. लग्न झालं तेव्हा त्यांची मॅट्रिक व्हायची होती. सासरच्यांनी शब्द दिला होता, लग्नानंतर शिकू देऊ. जून उजाडला. बाईंनी पिशवी भरली आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूला सांगितलं, मी शाळेत निघाले. सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. नवरा ओटीवर बसला होता, तोही हसला. बाई पिशवी घेऊन तशाच ओटीवरून खाली उतरल्या. मागून सासरा ओरडला, "जातेस तर जा! पुन्हा ह्या पुलावरनं चालायची लाज वाटंल तुला!"

"भर दुपारची वेळ होती," बाई म्हणाल्या. "होडी असती तर नावाड्याने मला नेलं नसतं. गावचाच तो, सासऱ्याला विचारल्याशिवाय कसा नेईल? पण पूल झाला होता. पुलाला कुणाला विचारावं लागत नाही. चालत हायवेपर्यंत गेले आणि पेणच्या गाडीत बसले."

पुढे रीतसर फारकत झाली, त्याने दुसरं लग्न केलं. बाई शिकल्या, ट्रेनिंग केलं. आणि ह्याच गावात हायस्कूल निघालं तेव्हा मुद्दाम अर्ज करून इथे आल्या.

"मुद्दाम?"

"मग काय. लाज वाटते का ते बघायला नको?"

पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी एक कौलारू घर होतं, त्याची ओटी रस्त्याकडे तोंड करून. मी रोज त्याच्यासमोरून जात होते. ते घर कुणाचं, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतरचे काही दिवस बाई वर्गात नीट नव्हत्या. नकाशा उलटा लावला. पोरांना एकदा चक्क अरे म्हणाल्या. स्टाफरूममध्ये बातमी पोचलीच होती. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही त्यांना समजावा. त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं तर गाव म्हणेल, सूड घ्यायला आल्या. शाळा कमिटीत त्या घरचे भाऊबंद आहेत. बाईंच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, कशाला नसतं लचांड?"

मी बाईंना ते सांगितलं. त्या बुटाला खडू लावत होत्या. म्हणाल्या, "खरं आहे त्याचं. सूड नाही असं मी तरी कुठे छातीवर हात ठेवून सांगू शकते?" बूट पायात घालून त्या उठल्या. "चल. तू बरोबर असलीस तर माझा आवाज चढायचा नाही."

शाळा सुटली होती. ओटीवर कुणी नव्हतं. बाई अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली ती वंदनाला. बाहेर आला तो वंदनाचा बाप. केस पिकलेले, खांद्यावर पंचा. बाईंना बघून तो दारातच थांबला.

"काय काम काढलंस?"

"वंदनाला पुढे शिकवलं जावं, एवढं सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. त्याला तू म्हणावं की तुम्ही, हे त्यांना ठरवता येत नसावं. मराठीच्या बाई तेवढा वेळ कर्मणी प्रयोगात बोलत राहिल्या. "मुलगी हुशार आहे. लग्न दोन वर्षं थांबवलं गेलं तर बरं होईल."

"माझं घर एकदा मोडलंस," तो म्हणाला. "आता पोरीचं मांडायच्या आधी मोडतेस?"

"घर कुठे मोडलं? आहे की इथंच. रोज दिसतं मला."

"तेच!" तो एकदम ओरडला. मग माझ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तेच म्हणतोय मी. ही ओटी माझ्या बापानं बांधली. संध्याकाळचा वारा येतो खाडीवरनं, सगळा गाव आपापल्या ओटीवर बसतो. मी बसलोय कधी? शाळेची घंटा झाली की उठून आत. का? तर आता मास्तरीणबाय चालत येणार. सुट्टीचं सोडलं तर इतकी वर्षं मी संध्याकाळचा आत, चुलीच्या धुरात बसलोय."

बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. जिंकल्याचं तर नक्कीच नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच. पहिली एक-दोन वर्षं बघत होते मी ह्या घराकडे. मान वर करून बघत होते. मग विसरले. मग मी खाडी बघायला लागले."

"खाडी?"

"हो. भरती किती आली, बगळे आले का. ओटीवर कोण आहे, हे कित्येक वर्षांत बघितलंच गेलं नाही."

तो ओटीच्या कडेवर बसला आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. "म्हंजे मी आत धूर खातोय," तो म्हणाला, "आणि ही बगळे बघतेय."

वंदनाची आई दारामागे उभी होती. तिने वंदनाच्या हाती पाण्याचा तांब्या बाहेर पाठवला. बाईंनी तो घेतला, क्षणभर धरून ठेवला, आणि अर्ध्याहून अधिक पाणी प्याल्या.

"पोर ऱ्हाणार कुठं पेणला?" त्याने विचारलं. "आमचं कोन नाय तिथं."

"माझ्याकडे," बाई म्हणाल्या. आणि तोंडून गेल्यावर त्यांनाच धक्का बसलेला मी बघितला.

"तुज्याकडं!" तो म्हणाला. नंतर म्हणाला, "बघू." आणि उठून आत गेला.

पुलावरून परत येताना बाई थांबल्या नाहीत. भेंडीखाली पोचल्यावर म्हणाल्या, "एखाद्याला त्याच्याच घरात एवढी वर्षं कोंडायचं, आणि आपल्याला पत्ताही नाही. काय बाई आहे मी."

मी म्हटलं, "कोंडलं त्याचं त्यानेच."

"हो, पण दार माझं होतं," त्या म्हणाल्या. गाडी आली आणि आम्ही बसलो.

गाव बोलायचं ते बोललं. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला. हेडमास्तरांनी घाम पुसत, आयुष्यात पहिल्यांदा, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "शिक्षिका पालकांना भेटली, यात काय चुकलं?" बाईंना कळलं तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "आज तू दाढी छान केलीयस."

वंदनाच्या लग्नाचं पुढे काय झालं, कुणालाच नीट कळलं नाही. मे महिन्यात मांडव उभा राहिला नाही एवढं खरं. निकाल लागला, ती पास झाली, गणितात जेमतेम. आणि जून महिन्यात एका सकाळी आमची गाडी भेंडीजवळ थांबली, तर झाडाखाली वंदनाचा बाप उभा. पायाशी पत्र्याची ट्रंक. ती खांद्यावर घेऊन तो पूल चालत आला होता, सदरा घामाने चिंब झाला होता. वंदना मागे उभी, नव्या चपला हातात धरून.

बाई उतरल्या. मीही उतरले. तो बाईंकडे न बघता ट्रंकेकडे बघत बोलला.

"परतीच्या गाडीत बसवतो हिला. किल्ली कुणाकडं मागायची?"

"माझ्या वहिनीकडे. शेजारच्याच दारात."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "हिला भात जास्त लागतो. लाजंल मागायला. तूच वाढत जा."

"वाढीन," बाई म्हणाल्या.

"आणि ते चालायचं बिलायचं खूळ हिच्या डोक्यात घालू नको. सुट्टीत आली की येष्टीनं सरळ दारात यायचं."

"ते तिला विचारावं."

वंदना मागून ठसक्यात म्हणाली, "मला नाय आवडत चालायला. पाय दुखतात." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो माणूस मात्र खुशीत दिसला.

वंदना बाईंकडे राहिली, पण तो काही गोड संसार नव्हता. बाईंना एकटेपणाची सवय. वंदना रेडिओ मोठ्याने लावायची, भात खाली लावायची, बाईंचे बूट भलतीकडे ठेवायची. बाई शाळेत येऊन कुरकुरायच्या, "माणूस आहे की वादळ!" कॉलेजात वंदना गणितात एकदा नापास झाली, तेव्हा बाई रडल्या आणि वंदना त्यांची समजूत काढत बसली. शेवटी ती पास झाली, रोह्याला एका पतपेढीत लागली, आणि खांब गावच्या एका मुलाशी तिने स्वतः ठरवून लग्न केलं. लग्नात बाई मांडवात कुठे बसणार, यावर दोन्ही गावांत चर्चा झाली. त्या स्वयंपाकाच्या बाजूला पापड तळत बसल्या आणि प्रश्न मिटला.

मग बाई निवृत्त झाल्या. शेजारी नवा रुंद पूल झाला, गाड्या त्याच्यावरून जायला लागल्या. जुन्यावर गुरं चालायची, कठड्यात पिंपळ उगवला. मी बदली घेऊन पेणच्या शाळेत आले. वंदनाचा बाप वारल्याचं कळलं तेव्हा बाईंनी मला निरोप धाडला आणि आम्ही दोघी भेटायला गेलो. बाई वंदनाच्या आईजवळ भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, एवढंच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. भाऊ-वहिनी तोवर राहिली नव्हती, भाचे लांब होते. पेणच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला गेले तर दारात गडबड चाललेली. एक म्हातारी डबा आणि वळकटी घेऊन आत घुसायला बघत होती आणि नर्स तिला अडवत होती. ती वंदनाची आई होती. मला तिने ओळखलं नाही.

"आजी, पेशंटजवळ फक्त घरचं माणूस राहू शकतं," नर्स सांगत होती. "तुम्ही यांच्या कोण?"

म्हातारीने डबा खाली ठेवला, पदर सारखा केला.

"सवत," ती म्हणाली.

नर्सला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने खाटेकडे बघितलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं त्या झोपल्यात. पण त्यांनी उजवा हात चादरीवरून थोडा उचलला, आणि जड जिभेने, एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या,

"अहो, येऊ द्या तिला. धाकटी आहे ती."